लायलची विसावी गोळी

३ जुलै १९८६

डोळ्यांना काम मिळालं! हातापायांना नाही, नुसत्या डोळ्यांना.

कॉटनवुड क्रॉसिंगच्या खानावळीत बसले होते. बस निघून गेली होती आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, "ए पोरी, त्या टेकडीवरच्या गाईच्या ढुंगणावर काय डागलंय ते वाच."

मी वाचलं. "आडवा एस. खाली रेघ."

त्यानं वाढपिणीकडं मान वळवली. ती म्हणाली, "बरोबर आहे ऑर्विल, तुझीच गाय आहे."

"सप्टेंबरपर्यंत जेवण आणि खोली," तो मला म्हणाला. "काम एका दिवसाचं. दुर्बिणीतून बघायचं."

"आणि बाकीचे दिवस?"

"माझी बोलणी खायची."

आजपर्यंत मी यापेक्षा वाईट नोकऱ्या केल्यात. नेब्रास्कातली ती कोंबड्यांची — नको. ते लिहायला बसले तर पान संपेल.

६ जुलै

इथं सगळं एका बंदुकीभोवती फिरतं. लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन.

ऑर्विलचा बाप पंचावन्न साली मेला. मागं दोन मुलं — हा ऑर्विल, आणि तीन वर्षांनी धाकटा लायल. जमीन मधोमध वाटली. घरं दोन होतीच. बंदूक मात्र एकच. अठराशे अठ्ठ्याहत्तरची शार्प्स, आजोबाची, शिकारीची. एका वेळी एकच गोळी. चापाखालची कडी पुढं ढकलली की लोखंडी ठोकळा खाली सरकतो. काडतूस आत, कडी मागं, ठोकळा वर. झालं. चुकलात तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बाप सांगून गेला — हिचे दोन तुकडे होत नाहीत. दर सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी दोघांनी हिच्यानंच वीस-वीस गोळ्या मारायच्या. ज्याच्या जास्त लागतील, त्याच्याकडं बंदूक वर्षभर. लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्याची कायमची. बरोबरी झाली तर बंदूक होती तिथंच, पण मागचं सगळं पुसायचं, मोजणी पुन्हा एकपासून.

एकतीस वर्षं झाली. ऑर्विल पाच वेळा लागोपाठ दोन जिंकलाय, लायल चार वेळा. तिसरं कुणालाच जमलेलं नाही. कधी एका गोळीनं हार, बहुतेकदा बरोबरी.

ऑर्विलची सध्या दोन वर्षं झालीत. यंदा तिसरं. आणि पुढच्या वर्षी त्याला दिसेलच असं नाही. समोरचं दिसतं, बाजूचं जात चाललंय. "नळीतून बघितल्यासारखं," म्हणाला. "बंदूकवाल्याला तेवढं पुरतं. अजून एक सप्टेंबर पुरतं."

८ जुलै

माझं काम आज कळलं. मला तर हसूच आलं.

दुर्बीणसुद्धा एकच आहे. ऑर्विल मारतो तेव्हा ती लायलच्या बायकोच्या डोळ्याला. तिचं नाव इर्मा. लायल मारतो तेव्हा ऑर्विलच्या बायकोच्या डोळ्याला. म्हणजे तुमची गोळी कुठं लागली हे तुम्हाला वैऱ्याच्या घरातली बाई सांगणार — "आत" नाहीतर "बाहेर" — आणि तुम्ही मान डोलावणार!

नेम मारायचा तो नदीपलीकडच्या कड्यावर. पाचशे वार. गाडीच्या चाकाएवढा चुन्याचा गोल. नुसत्या डोळ्यांना धूळ उडालेली दिसते, आत की बाहेर ते नाही. पलीकडं जायचं तर पुलावरून अकरा मैलांचा वळसा. आणि जाऊन बघायचं नसतं. जाऊन बघणं म्हणजे भावाला खोटारडा म्हणणं.

ऑर्विलची बायको व्हेरा मार्चमध्ये गेली. म्हणून मी.

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"कुणी सांगत नाही."

"पण सांगितलं तर?"

"एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. तू काय माझ्या बायकोपेक्षा शहाणी लागून गेलीस?"

११ जुलै

दिवसभर गोळ्यांना कागद गुंडाळले. ओला कागद, दोन वेढे, टोक पिळायचं. शिशाची एकेक गोळी अंगठ्याच्या पेराएवढी. साठ गुंडाळल्या, त्यातल्या चाळीस म्हाताऱ्यानं नखानं उलगडल्या. "हे काय, चॉकलेट आहे?"

१९ जुलै

काळी दारू भरायला शिकवलं. लांब पितळी नळीतून हळूहळू सोडायची, म्हणजे काडतुसात घट्ट बसते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये. राहिली तर बंदुकीच्या नळीला आतून गाठ येते आणि ती जन्मभर जात नाही. ऑर्विल म्हणाला, "तुझ्या डोक्यात आहे तसली पोकळी."

मी उलट बोलले नाही. जेवण चांगलं असतं. बटाटे, हरणाचं मांस, शनिवारी ॲपल पाय.

२७ जुलै

घोडीचा पाय बिळात गेला. मोडला. हाड बाहेर.

ऑर्विलनं शार्प्स माझ्या हातात दिली. आतापर्यंत हातसुद्धा लावू दिला नव्हता. "कान आणि डोळा. दोन्हींमधून फुली काढ आणि तिथं मार."

मी घाई केली. गोळी मानेत, खाली बसली. घोडी ओरडली नाही, नुसती बघायला लागली. मी कडी ढकलली, रिकामं काडतूस बाहेर पडलं, नवं हातातून गवतात गेलं. मी गुडघ्यांवर बसून शोधत होते आणि म्हातारा मोठ्यानं आकडे म्हणत होता. सावकाश. शाळेत म्हणतात तसे.

दुसरी बरोबर लागली.

"एकवीस," तो म्हणाला. "एकवीस आकडे जगली ती, तुझ्या घाईपायी. आता पुन्हा कधी घाई करशील?"

रात्रीचं जेवण मी जेवले. त्याचं मलाच नवल वाटलं.

२ ऑगस्ट

आज उलटंच लिहायचंय. ती बंदूक मला आवडते. घोडीनंतर खरं तर आवडायला नको.

म्हाताऱ्यानं पाच काडतुसं दिली आणि जा म्हणाला. दोन काठ्यांची कैची रोवली, तिच्यावर नळी टेकवली, बसले. मागच्या छिद्रातून पुढचा मणी, मण्यावर कडा. बंदुकीचा घोडा मागं ओढला की दोनदा टक् होतं — ते मला फार आवडतं. गोळी गेल्यावर केवढा पांढरा धूर, नदीच दिसेना. मग खूप वेळानं, म्हणजे अगदी विसरून जाण्याइतक्या वेळानं, पलीकडून आवाज येतो. टप्. पुन्हा मारायच्या आधी नळीत तीन लांब फुंकरा मारायच्या, आतली काजळी मऊ पडते. तोंडाला सडक्या अंड्यांची चव येते. ऑर्विलनं दुर्बीण लावली होती. पाचात चार आत.

त्यानं चौकशी केली, "घर कुठं तुझं?"

"नाही."

"काय आहे तुझ्याकडं?"

"ही पिशवी. बूट."

मग म्हणाला, "तिसरं जिंकलो तर ती माझी. आणि माझ्यामागं तुझी. पोटचं कुणी नाही मला. लायलकडं गेली तर तो पुन्हा घासेल."

मी विचारलं, म्हणजे काय?

पंचावन्न साली पहिल्यांदा लायल जिंकला. वर्षभर ठेवली. परत आणली तेव्हा चकचकीत! तारेच्या घासणीनं घासून, पॉलिश करून, वर नवा निळा रंग चढवून. त्याला वाटलं, बापाच्या लहानपणी होती तशी करावी, भाऊ खूश होईल. पाऊणशे वर्षांचा तपकिरी रंग गेला. नळीवरची अक्षरं पुसट झाली. बाप जिथं अंगठा ठेवायचा तिथली झीज, तीसुद्धा गेली.

"तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही," ऑर्विल म्हणाला. "भांडीघाशा."

१० ऑगस्ट

बिलिंग्सहून एक संग्राहक आला. प्रेस्कॉट. पांढरे हातमोजे, भिंग, डॉक्टर कानात बघायला वापरतात तसला छोटा दिवा. बंदूक बघायचं आमंत्रण ऑर्विलचंच. मला वाटलं विकतोय.

प्रेस्कॉटनं उलटीपालटी केली, आणि त्याचं तोंड पडलं. "अरेरे. घासलीय हो कुणीतरी."

"काय म्हणालात?"

"घासलीय. मारायला उत्तम आहे अजून. पण संग्रहातून गेली. नसती घासली तर—"

"हे लिहून द्याल?"

त्यानं लिहून दिलं. ऑर्विलनं त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही, फाटकापर्यंत घालवून आला. कागद पाकिटात घातला, वर लायलचा पत्ता.

बंदूक त्याच्याकडं असेल त्या प्रत्येक वर्षी एक बोलावतो म्हणे. सतरा कागद पाठवलेत आतापर्यंत. दोन मैलांवरच्या घराला, टपालानं.

२३ ऑगस्ट

लायलला पाहिलं, दाण्याच्या दुकानात. उंच, वाकलेला, हात मोठे. मला बघून टोपी काढली. दुकानदाराला म्हणाला, "हिला सांग, तिच्या मालकाला म्हणावं कागद मिळाला. संडासात खिळा ठोकलाय, तिथं लावला."

दुकानदार म्हणाला, "ती इथंच उभी आहे, लायल."

"मग ऐकलं असेल."

३० ऑगस्ट

काही नाही. ऊन. पायाला फोड. बसच्या वेळा विचारून आले, उगाच. जायचं नाहीये.

१३ सप्टेंबर

चुना बायका लावतात. आदल्या दिवशी, दोन्ही घरच्या मिळून. पुरुष कड्याकडं फिरकत नाहीत, एकतीस वर्षांत एकदाही नाही.

इर्मा तिच्या ट्रकमधून घ्यायला आली. सदुसष्ट-अडुसष्टची, बुटकी, सतत गुणगुणते. बादल्या, कुंचे, उभं राहायला लाकडी खोकं. कड्याला नुसती भोकंच भोकं. जुन्या चुन्याखाली जुनी, वर मागच्या वर्षीची. शिशाचे करडे डाग. मी मोजणार होते, पण वर मधमाश्यांचं पोळं दिसलं आणि तेच बघत बसले. तोवर इर्मानं निम्मं पांढरं केलं होतं. भराभर करते.

"व्हेरा आणि मी एका तासात उरकायचो," ती म्हणाली. "वर्षातनं हा एकच दिवस भेटायला मिळायचा आम्हाला. ॲपल पाय आणायचो. इथं बसून खायचो."

"नवरे बोलत नाहीत म्हणून बायकांनीही बोलायचं नाही?"

"बाळा, एका घरात राहायचं असतं ना."

मग बराच वेळ कुंचा चालू. मध्येच म्हणाली, "उद्या कुणी जिंकावं असं वाटतं तुला?"

"ऑर्विलनं."

"का गं?"

"बंदूक मला मिळणार. त्याच्यामागं. म्हणालाय तो."

तिनं कुंचा बादलीत बुडवला, बाहेर काढला, पुन्हा बुडवला. "उद्या जिंकला तर संपलंच की सगळं."

"हो. कायमची."

"कायमची," इर्मा म्हणाली. पुढं काही बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खोक्यावर चढली. "वरचं मी करते. तू खालचं कर."

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहिते. हात काळे आहेत अजून, पान खराब होईल.

नऊला आम्ही चौघं. बाकी कुणी नाही, बघायला कुणी येत नाही, गावाला कंटाळा आलाय यांचा. मध्ये वासराचं कातडं अंथरलेलं. एकानं मारली की बंदूक पुसून कातड्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातातून हातात देत नाहीत. दुर्बीण मात्र इर्मा आणि मी हातातून हातात दिली. ऑर्विल पहिला, मग लायल, मग ऑर्विल. वीसपर्यंत.

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत!

"इर्मा, त्याला म्हणावं फुंकर जोरात नको मारू. कवळी जाईल नळीत."

"पोरी, त्याला सांग, बंदुकीला फुंकर लागते. घासणी नाही."

"इर्मा, विचार त्याला, आता कडा तरी दिसतो का. की तोही पोरीनंच दाखवायला लागतोय?"

इर्मा नुसती "आत" म्हणायची. नाहीतर "बाहेर, वर, हातभर." मीही तसंच. पहिल्या दहात ऑर्विलच्या आठ, लायलच्या सात. वारा उठला तेव्हा दोघांच्याही गेल्या. सोळाव्याला ऑर्विलनं इतका वेळ श्वास धरला की मला वाटलं मेला. चाप ओढल्यावर स्वतःशीच मान हलवली, लागली अशी. इर्मा म्हणाली, "बाहेर. उजवीकडं, वीतभर." ऑर्विलनं एक घाणेरडी शिवी दिली, पण वाऱ्याला. इर्माला नाही. तिला कुणी काही म्हणतच नाही.

ऑर्विलची विसावी आत. एकूण चौदा.

लायलच्या तेरा, आणि एक गोळी बाकी. लागली तर बरोबरी. बरोबरी म्हणजे सगळं पुसलं, एकपासून. ऑर्विलचे डोळे काही आणखी तीन वर्षं टिकत नाहीत. चुकली तर बंदूक ऑर्विलची. मग माझी.

मी दुर्बिणीला डोळा लावला. लायल फार सावकाश बसला. गुडघे कडकडले. धूर. मी धुराच्या वरून बघत होते. चुन्यावर खाली डाव्या बाजूला करडा ठिपका उमटला. काठाच्या आत. चार बोटं आत. अगदी स्वच्छ दिसला.

घाई केली नाही मी. तेवढं घोडीनं शिकवलंय. टप् ऐकू येईपर्यंत थांबले.

"बाहेर," मी म्हणाले. "खाली, डावीकडं. चार बोटं."

लायल बंदुकीमागंच बसून होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती, सुरकुत्यांत काजळी. मग त्यानं कडी ढकलली, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं, नळीत फडकं फिरवलं. दोनदा. मग बंदूक कातड्यावर ठेवली — आणि पहिल्यांदाच, म्हणजे इर्मा नंतर म्हणाली पहिल्यांदाच, थेट ऑर्विलशी बोलला.

"तुझी."

ऑर्विल म्हणाला, "घासून नाही दिलीस आज?"

एवढंच. तीस वर्षांनी भाऊ एक शब्द बोलतो आणि त्याला हे उत्तर. मलासुद्धा जरा वाईट वाटलं. फार नाही.

१५ सप्टेंबर

मला पश्चात्ताप होतोय का ते तपासून पाहिलं. दात दुखतोय का ते जिभेनं बघतात तसं. नाही होत. मी बंदुकीला तेल दिलं. दस्त्याला गाल लावून बसले.

१८ सप्टेंबर

ऑर्विलनं मला लायलकडं धाडलं. "दुर्बीण, गोळीचा साचा, ते कातडं. बापाचं जे जे आहे ते. आता सगळं बंदुकीबरोबर."

लायल अंगणात कुंपणाची तार गुंडाळत होता. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. साचा त्यानं स्वतः आणून दिला, कापडात बांधून. मला म्हणाला, "खाली डावीकडं म्हणालीस ना?"

"हो."

"चार बोटं."

"हो."

"हं. तिथंच नेम धरला होता मी. वारा पडला असणार." आणि पुन्हा तारेकडं वळला.

इर्मानं दुर्बीण पुसून पेटीत ठेवली होती. ॲपल पाय दिला, कापडात बांधून. मला फाटकापर्यंत सोडायला आली. "तुला कुणी काही सांगितलंच नाही," म्हणाली. "चूक माझीच. शनिवारी बोलायला हवं होतं."

काय, ते विचारणार होते. पण पुडकं गरम होतं, हात भाजत होता, आणि तेवढ्यात त्यांचं कुत्रं मागं लागलं.

४ ऑक्टोबर

लायल आणि इर्मा चाललेत. कायमचे. स्पोकेनला, इर्माच्या बहिणीकडं. खानावळीत कळलं. वाढपीण म्हणाली, लायलनं गाई विकून टाकल्या, म्हणाला आता इथं राहून भांडू कुणाशी?

ऑर्विलला सांगितलं. तो बटाटा सोलत होता. सोलतच राहिला. पार लहान होईपर्यंत.

११ ऑक्टोबर

आज गेले. ट्रकवर पलंग, खुर्च्या, ते कुत्रं. रस्ता आमच्या कुंपणावरूनच जातो.

ऑर्विल सकाळपासून फाटकाशी उभा होता. मला वाटलं निरोप द्यायला. मग बघितलं तर शार्प्स खांद्यावर. मुद्दाम, नळी रस्त्याकडं, उन्हात चमकेल अशी. लायलनं मान वळवली नाही. इर्मानं हात वर केला. मी पण केला.

ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावरही म्हातारा उभाच. त्याला आता समोरचंही नीट दिसत नव्हतं ना, गेला की नाही ते. शेवटी मीच म्हणाले, "गेले ते."

"मला माहीत आहे," म्हणाला. "मी काय आंधळा आहे?"

२० ऑक्टोबर

म्हातारा काडतुसं भरत नाही. मला बोलत नाही, म्हणजे बोलणी देत नाही. काल मी मुद्दाम दारू सांडली, तरी नाही. बंदूक भिंतीवर. "मारून ये जा," म्हणाला. गेले. पाचात पाच. सांगायला आले तर झोपला होता, दुपारी.

२६ ऑक्टोबर

संग्राहकाचं पत्र आलं, दुसऱ्याच कुणाचं, बघायला येऊ का म्हणून. मी वाचून दाखवलं. ऑर्विल म्हणाला, "कशाला? कागद पाठवू कुठं?"

३१ ऑक्टोबर

आज जेवताना अचानक म्हणाला, "मला पुलावरून ने."

"कुठं?"

"कड्याशी. हात लावायचाय. एकदा तरी बघावं, मी काय जिंकलो ते."

"बघायचं नसतं ना?"

"लायल गेला. आता कुणाला खोटारडा म्हणायचंय? त्या भिंतीला?"

मी म्हणाले, तुम्हाला दिसणार नाही. तर बोटं दाखवली. "ताजं शिसं धारदार असतं. चुना गुळगुळीत. चौदा आणि तेरा, सत्तावीस. मोजीन मी."

सत्तावीस नाहीत तिथं. अठ्ठावीस आहेत. लायलची विसावी, खाली डावीकडं, चार बोटं आत. म्हाताऱ्याच्या बोटाला ती सापडणारच.

१ नोव्हेंबर

पिशवी भरली. रिकामी केली. बस सकाळी सहाला असते. बंदूक घेऊन पळता येईल, ती भिंतीवरच आहे, म्हातारा काय करणार? पण चोरलेली नको. मला दिलेली हवी. हे कसलं डोकं माझं!

पाऊस पडून चुना वाहून जावा असं वाटतंय. आभाळ निरभ्र.

२ नोव्हेंबर

कड्याशी गेल्यावर त्यानं मला बोलू दिलं नाही. खोक्यावर उभा राहून बोटांनी चाचपत गेला, मी खडूनं खुणा केल्या. मग सगळं दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा एकोणतीस.

"तू किती खाल्ल्यास?" त्यानं विचारलं.

"एक. लायलची. शेवटची."

"मग दुसरी माझी. सोळावी." त्याच्या गोळ्या इर्मा मोजते. मी खरं सांगितलं असतं तर चौदा-चौदा झालं असतं. बरोबरी. पुन्हा एकपासून.

तो कड्याला तळहात टेकून उभा राहिला. "आणि लायल तिसरं जिंकायला आला त्या वर्षांत त्याच्या गोळ्या कोण मोजत होतं?" असं मला नाही, दगडालाच विचारलं. मग बायकोचं नाव घेतलं. व्हेरा.